पितळी पट्टीची चावी

चपलांच्या त्या दुकानात संडासाची चावी हातभर लांब पितळी पट्टीला बांधलेली असे. बुटात टाच सरकवायला वापरतात ना, तीच पट्टी. एकदा कोणीतरी चावी खिशात घालून घरी गेलं, तेव्हापासूनची ही शिक्षा. पट्टी गल्ल्यामागच्या खिळ्याला. ती मागून घ्यायची आणि हातात मिरवत गोदामामागे जायचं, म्हणजे कोण कशाला निघालंय ते गिऱ्हाइकांनाही कळायचं.

दुकानात चपला दाखवणाऱ्या ताईला आतड्याचा जुनाट आजार. आतून सूज, जखमा. औषधाने दबायचा, पुन्हा डोकं वर काढायचा. कळ आली की थांबायची सोय नाही. पण बाहेरून बाई ठणठणीत! गल्ल्यावरचे काका पट्टी देताना म्हणायचे, "पुन्हा? अहो, बाहेरचं खाणं सोडा." बाहेरचं खाणं सुटून ताईला वर्षं झाली होती.

आणि ती चिमणी! अखंड चिवचिवते म्हणून हे नाव. काल-परवा कामाला आलेली पोर, सातवा महिना लागलेला. ती स्टुलावरून उठायच्या आत काका पट्टी पुढे करायचे. "सावकाश जा हं, पोरी." ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपलाही आजार असा गोल होऊन पुढे आला असता तर! दोन्ही लेकरांच्या वेळी ती इथेच कामाला होती. तेव्हा हेच काका आणि हेच 'सावकाश'. ताईला त्या वेळच्या स्वतःचासुद्धा हेवा वाटे.

एका शनिवारी गिऱ्हाइकाच्या बुटाची नाडी बांधतानाच कळ आली. ताई गल्ल्याकडे धावली, तर खिळा रिकामा. तिने जाऊन दार बडवलं. चिमणी आरामात बाहेर आली. "जरा टेकले होते ताई, पाय भरून आले." तोवर उशीर झाला होता. ताई कमरेला स्वेटर गुंडाळून घरी गेली.

चिमणीने ते पाहिलं आणि ती रडली. सोमवारपासून ताईचा चेहरा बदलला की तीच काकांपुढे जायची, "काका, मला जायचंय," आणि गोदामाच्या दाराआड पट्टी ताईच्या हातात द्यायची. काका हसायचे, "इतक्यांदा? जुळी दिसतायत!" ताईची सोय झाली, पण उपकार काही गळ्याखाली उतरेनात. कळ आपली आणि कौतुक तिच्या पोटाचं!

मग चिमणी रजेवर गेली. दुसऱ्याच दिवशी ताई ओठ घट्ट मिटून गल्ल्यासमोर उभी. मागे पैसे द्यायला गिऱ्हाइकांची रांग.

"पुन्हा?" काका म्हणाले.

"हो, पुन्हा. आतड्याचा आजार आहे मला, काका. मरेपर्यंत राहणार आहे. चावी द्या, नाहीतर बादली आणि फडकं द्या!"

काकांनी खिळ्यावरून पट्टी काढून दिली. ताई पळाली, पण कान मागेच ठेवून. 'सावकाश' काही ऐकू आलं नाही.