साईलू मिस्त्रींचे दात

साईलू मिस्त्री गिटार दातांनी ऐकत. हे मी कौतुकाने फुगवून सांगत नाही. देगलूरला त्यांच्या दुकानात पहिल्यांदा गेलो, तेव्हा ते स्टुलावर बसले होते. समोर गोणपाटावर बास गिटार उभी होती आणि तिच्या खुंट्यांकडच्या डोक्याची कड त्यांनी कणीस खावं तशी दातांत धरली होती. उजव्या हाताने तार छेडायची, डाव्या हाताचं बोट मानेवरच्या एकेका पितळी पट्टीवरून पुढे सरकवायचं, डोळे मिटलेले. मी "नमस्कार मिस्त्री" म्हणालो. दोनदा म्हणालो. शेवटी आतून त्यांच्या बायकोचा, राजव्वाबाईंचा, आवाज आला, "वरडू नका. लाकूड तोंडात हाय तवर त्यांला दुसरं काई ऐकू येत न्हाई."

तरुणपणी वीस वर्षं सॉ मिलमध्ये काढल्यामुळे मिस्त्रींचे कान कामातून गेले होते. समोरून मोठ्याने बोललेलं कळायचं, तेवढंच. मग ते दारं-खिडक्या करू लागले. एकदा देगलूरच्या लग्नात कुठल्याशा ऑर्केस्ट्राच्या बासची मान मोडली आणि ती यांच्याकडे जोडायला आली. जोडता जोडता त्यांना कळलं, की हे लाकूड चावलं तर आत काय चाललंय ते डोक्यात वाजतं. त्यानंतर ते स्वतःच बास करू लागले. वर्षाकाठी एक, फार तर दोन.

मी नांदेडला शाळेत विज्ञान शिकवतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. तिच्याकडे कोणी बघत नाही, पण ती थांबली की गाणं पोकळ वाटतं. या वाद्यात एक खोड असते. मानेवर एखादी जागा अशी निघते, की बाकी सगळीकडे तार लांबवर घुमते आणि तिथे मात्र टक् करून विझते. मिस्त्री त्याला मुका सूर म्हणत. दुकानातल्या महागड्या बासमध्येही तो सापडतो, लोक चालवून घेतात. मिस्त्री चालवून घेत नसत. दातांनी जागा शोधायची, काचेच्या तुकड्याने डोक्यामागचं लाकूड केसभर खरवडायचं, पुन्हा चावायचं. असे पंधरा-पंधरा दिवस. त्यांच्या हातून मुकी गिटार कधीच बाहेर पडली नाही, आणि याचा त्यांना फार अभिमान होता.

मी माझ्यासाठी एक बास करायला सांगितली आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. धडासाठी निलंग्याच्या एका पाडलेल्या घराची सागवानी चौकट आणली, इथवर ठीक. मानेचं शिसव मात्र त्यांनी एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा माळ्यावर नुसतं टाकून ठेवलं. "त्याला जिकडं वाकायचं तिकडं आताच वाकू द्या. मंग आपलं आयकतंय." मी महिन्याला एसटीने देगलूरला जायचो आणि माळ्याकडे बघून परत यायचो. चिडलो की ते शांतपणे म्हणायचे, "घाई कामून करायलेत, सर? तुमी पोराला पैलीतून डायरेक बारावीत घालता का?"

अखेर मान बसली, तारा चढल्या आणि मिस्त्रींची दाढ सुजली. एक नाही, सगळेच दात हलत होते, हिरड्यांतून पू येत होता. गिटार चावली की कळ मस्तकात जायची, म्हणून काम बंद. डॉक्टरकडे जा म्हटलं की हसायचे. दोन महिने मी हे सहन केलं. तिसऱ्या महिन्यात मीच त्यांना नांदेडला घेऊन आलो, ओळखीच्या दंतवैद्याकडे नेलं आणि तीन खेपांत सगळे दात काढून कवळी बसवून दिली. विज्ञान शिकवणारा माणूस मी. हा माणूस दातांनी ऐकतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. पण माझ्या डोक्यात एवढंच होतं, की दुखणं थांबलं की माझी बास हातात येईल. आणि त्यांनीही तोंड उघडून एक शब्द सांगितला नाही, याचा राग मला अजून येतो.

कवळी घालून त्यांनी गिटार चावली, तेव्हा मी तिथेच होतो. प्लॅस्टिक खडखडलं. त्यांनी कवळी काढून नुसत्या हिरड्यांनी धरून पाहिलं. मग हनुवटी टेकवली, कपाळ टेकवलं. "गुदगुल्या होतेत निस्त्या," म्हणाले. राजव्वाबाई दारात उभ्या होत्या. "ह्यांला जेवाया दात कुटं लागत होते? कण्या-आंबील बी चालती. दात लागत होते ते गिटाराला," असं म्हणून त्या आत निघून गेल्या.

मग मिस्त्रींनी मला चावायला लावलं. मी डोक्याची कड दातांत धरली, ते तार छेडत गेले. कवटीत नुसती घरघर. "काय म्हणती?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "चांगली वाटते." "चांगली म्हंजे कशी? सरळ येती का वळून येती? कुटं पातळ होती?" बारा वर्षं बास वाजवतोय आणि एका सुताराला ती कशी ऐकू येते ते सांगता येत नाही, याची इतकी चीड आली, की मी गिटार खाली ठेवून बाहेर जाऊन उभा राहिलो. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला, अंदाजाने खरवडलंय, घेऊन जा. निघताना त्यांनी माझा हात धरला. "वाजवून सांगा, सर. कुटं मुकी हाय का?"

घरी येऊन वाजवली. अशा खोल, गोल आवाजाची गिटार मी कधी हातात धरली नव्हती. फक्त सगळ्यात बारीक तारेवर, पाचव्या पट्टीपाशी, सूर टक् करून विझत होता. मी राजव्वाबाईंच्या फोनवर ओरडून सांगितलं, "मिस्त्री, कुठेच मुकी नाही! एकदम पास!" पलीकडे राजव्वाबाईंनी ते त्यांच्यासमोर ओरडून सांगितलं आणि ते लहान पोरासारखे हसले. ज्याचे सगळे दात मीच नेऊन काढवले, त्या माणसाला आणखी काय सांगणार होतो मी?

त्या हसण्याच्या भरवशावर त्यांनी लातूरच्या एका वादकाची अर्धी पडलेली बास तशीच अंदाजाने पुरी केली. महिन्याभरात तो वादक देगलूरला येऊन चार माणसांत त्यांना बोलून गेला. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री एसटीने माझ्या दारात हजर. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "तुमची काढा."

मी वाजवू लागलो. ते ऐकत नव्हते, तार बघत होते. ती किती वेळ थरथरते ते बोटांच्या पेरांवर मोजत होते. दहा, अकरा, दहा. पाचव्या पट्टीला तीन. "परत," म्हणाले. तीन. "परत." तीन.

"सर, तुमाला ठावं होतं."

मी म्हणालो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

"शाळेत पोरांचे पेपर असेच तपासता का?"

माझी मान खाली गेली. तरी मी उसळून म्हणालो, "पण मिस्त्री, आता डोळ्यांनी कळतंय ना! दात नसले तरी चालतंय! असंच करा की."

"कळतंय की," ते म्हणाले. "तुमी तवाच खरं सांगितलं असतं तर मी असंच काई तरी शोधलं असतं. लातूरची गिटार मुकी गेली नसती. आता माज्या हातची गेली, सर. त्याच्या घरी हाय ती." चहा घेऊन ते साडेचारच्या गाडीने परत गेले. माझी बास दुरुस्त करायला नेता का, असं विचारलं, तेव्हा त्यांनी नुसते हात जोडले.

त्यानंतर त्यांनी बास केली नाही. दारं केली, उत्तम केली. मी दोनदा जाऊन विनवलं, एकदा भांडलो, उपयोग झाला नाही. गेल्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले.

त्यांची बास मी अजून वाजवतो. मुका पडणारा तो सूर शेजारच्या तारेवर, पाच पट्ट्या पुढे, चांगला मिळतो. गाण्यात तो आला की माझा हात झटक्याने तिकडे जातो आणि परत येतो. ऐकणाऱ्यांना काही कळत नाही, सोबतच्या वादकांनाही नाही. कोणीतरी एकदा विचारावं, की सर, तुम्ही मधेच हात तिकडे का नेता? मी खरं सांगेन.