परतीचं दुसरं तिकीट

माझ्या दोन्ही मुलींच्या लेखी भारत हा कायम ओला देश आहे. मस्कतच्या शाळांना मोठी सुट्टी पडते ती जून-जुलैत, आणि तेव्हाच आम्ही पालघरला येतो. त्यामुळे भारत म्हणजे कपड्यांचा कुबट वास, बिघडलेलं पोट आणि रोज कुणाकडे तरी जेवायला जाणं. धाकटी लहान असताना तिने शाळेत ‘माझा देश’ नावाचं चित्र काढलं होतं. त्यात सगळी माणसं घरात छत्र्या उघडून बसली होती. बाईंनी विचारलं, घरात छत्र्या कशाला? तर म्हणाली, मामाकडे गळतं. माझा भाऊ हे आठवून अजून चिडतो, कारण त्याने पुढच्याच वर्षी कौलं बदलली होती आणि ते चित्रात कुठे आलं नाही.

तिकडे मस्कतला मुली वाढवणं म्हणजे त्यांना एका थंड खोलीतून दुसऱ्या थंड खोलीत नेणं. घर, गाडी, शाळा, गाडी, घर. ऊन उतरल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. शेजारच्या केरळी कुटुंबाकडून दोघी लिफ्टमध्ये येता-जाता मल्याळम शिकल्या आणि मला कळू नये अशा गोष्टी त्याच भाषेत बोलू लागल्या. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी समुद्रावर जायचं, तिथे मुलींच्या बाबांनी भेळ करायची आणि मी ती चांगली झाली म्हणायचं. थोरली सतरा वर्षांची होईपर्यंत तिने एकटीने रस्ता ओलांडला नव्हता. याचं मला भूषण वाटायचं. पालघरला आलो की भावाच्या तोंडावर मी ते सांगायचे, आणि तो माझ्याकडे असा बघायचा की जणू पोरीला पोहता येत नाही हे मी मिरवतेय.

थोरलीला आम्ही गेल्या जुलैत मागे ठेवलं. आमच्या इमारतीत हा नेमच आहे. बारावीचा निकाल लागला की एकेका घरातलं एक मूल कमी होतं. तिथली कॉलेजं आपल्या आवाक्यातली नसतात, मग कुणी कोचीला जातं, कुणी मंगळूरला, कुणी पुण्याला. आमच्या मुलीला पालघरच्या फार्मसी कॉलेजात प्रवेश मिळाला. माझं माहेर तिथून समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर. भावाची चिकूची आणि नारळाची वाडी आहे, वहिनी घरात आहे, त्यांचा मुलगा नोकरीला पुण्यात आहे, खोली रिकामी आहे. बाकीच्या आयांची मुलं होस्टेलात, माझी मात्र मामाकडे. विमानतळावर मी रडले नाही. रडणाऱ्या बायकांकडे बघून मला जरा वरचढच वाटलं, हे सांगायला हवं.

ऑगस्टमध्ये फोन सुरू झाले. रडायची तेव्हा ती फोनचा कॅमेरा पंख्याकडे वळवायची, म्हणजे मला पंखा दिसायचा आणि आवाज तिचा यायचा. “आई, मला घेऊन जा. मला इथे नाही राहायचं.” मी लसूण सोलत म्हणायचे, “होईल सवय.” पंधरा-वीस दिवस हे चाललं. मग रडणं थांबलं आणि ती थोडं थोडंच बोलू लागली. त्यावरून मी हिशोब केला की पोर आतल्या आत कुढतेय. तिचे बाबा शांत माणूस आहेत, पण त्यांनाही तसंच वाटलं. मुलगी गप्प झाली की बापाच्या डोळ्यांसमोर काय काय येतं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ऑक्टोबरात आम्ही ठरवलं. डिसेंबरात मी एकटी जायचं आणि तिला घेऊन यायचं. मस्कतला बसून बाहेरून परीक्षा देता येईल असं काहीतरी बघू. मी जातानाचं एक तिकीट काढलं आणि येतानाची दोन. दुसरं तिच्या नावाचं. तिला कळवलं नाही. म्हटलं, समोर बसून सांगेन, चेहरा बघायला मिळेल. धाकटी शाळेमुळे मागे राहणार होती. मी निघताना ती म्हणाली, “ताईला आण, पण खिडकीजवळचा पलंग आता माझा आहे, हे तिला विमानातच सांगून टाक.” कपाटही तिने ताब्यात घेतलं होतं. ताईचे कपडे एका बॅगेत कोंबून ती बॅग माळ्यावर टाकली होती. मी तिला ओरडले, ती हसली.

पालघर स्टेशनाबाहेर भाऊ येईल अशी माझी समजूत होती. आली ती थोरली, वहिनीची स्कूटर घेऊन. अंगात हिरवा जुना स्वेटर, तोही वहिनीचा. केस घट्ट वेणीत, त्यांना तेल. तिकडे तेलाची बाटली बघून नाक मुरडणारी हीच पोर. मी पहिलं वाक्य काय बोलले तर, “लायसन्स आहे का?” ती म्हणाली, “आहे. बस आई, ऊन व्हायच्या आत निघू.” मी माझी बॅग पोटाशी धरून मागे बसले. कचेऱ्यांची गर्दी सोडून रस्ता मोकळा झाला तशी तिने गाडी पळवली. वाटेत दोन बायकांनी तिला हाक मारली. मी त्यांना ओळखत नव्हते. माहेर माझं होतं.

आणि माहेर कोरडं होतं. लग्नानंतर डिसेंबरातलं गाव मी पाहिलंच नव्हतं. पहाटे अंगावर काटा येईल अशी थंडी, अंगणात वाळत घातलेली सुकी मासळी, वाडीत उन्हाचे कवडसे. वहिनीचं माहेर दातिवऱ्याचं, मासेमारीच्या गावचं, त्यामुळे मासळी तिला विकत घ्यावी लागत नाही, आणि हे ती दर भेटीत सांगते. मी आले म्हणून त्या संध्याकाळी उकडहंडीचा बेत होता. मडक्यात रताळी, कोनफळ, वालाच्या शेंगा वाटण लावून भरायच्या, तोंड पाल्याने बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. लहानपणी हे काम माझं असायचं. मी पदर खोचून उठले तर थोरली म्हणाली, “आई, असं नाही, पाला दाबून भर. नाहीतर मसाला सांडतो, मागल्या वेळी सांडला होता.” मागल्या वेळी, म्हणजे कधी तरी आधीच झालेल्या हंडीच्या वेळी, ज्याची मला कुणी बातमी दिली नव्हती. भाऊ हसत म्हणाला, “तू बस. तू पावनी हायेस.”

मी बसले. जेवले पोटभर, उकडहंडी उत्तम झाली होती. पण मला वहिनीचा राग येत होता, आणि तो लपवणं मला कधी जमलेलं नाही. रात्रीची भांडी आवरताना मी तिला टोमणा मारला, “तुम्ही तर पोरगी पार आपलीशी केलीत.” वहिनी मनाला लावून घेणारी नाही. म्हणाली, “सुरवातीला लय रडायची. मी नाय बोलले रडू नको. रडू दे म्हनले. रोज रडून झालं की आमी दोघी वाडीत फिरून यायचो. मग एक दिवस ती रडायचं विसरली, आनी डायरेक वाडीत चल म्हनाली.” एवढं बोलून तिने मला कढई घासायला दिली. फोनवर पोर गप्प का झाली, याचा आम्ही नवरा-बायकोने मस्कतला बसून लावलेला सगळा अर्थ त्या कढईसकट पाण्यात गेला. तरी मी माझा हट्ट सोडला नाही. आईला दाखवायचं एक आणि मनात एक, असंही असू शकतं ना, असं मी स्वतःला समजावलं.

तिकिटाचं बोलायला एकांत हवा होता. बोईसरला सासऱ्यांचा फ्लॅट आहे. ते कराडकडचे, वीज केंद्रात नोकरीला आले आणि तिथेच त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर सासू-सासरे दोघं गावी परतले, फ्लॅट बंद आहे. वर्षातून एकदा तो उघडून झाडावा लागतो. रविवारी मी थोरलीला म्हटलं, चल, झाडून येऊ. पालघरहून गाडीने दुसरं स्टेशन. बोईसरला उतरल्यावर शेअर रिक्षात मी एका कडेला अंग चोरून बसले. ही मात्र पलीकडच्या माणसाला म्हणाली, “भैया, थोडा सरको, मम्मी गिर जाएगी,” आणि तो सरकला. शिफ्ट सुटलेली माणसं होती. कारखान्यांकडून तो ओळखीचा आंबूस वास येत होता. मी नाकाला पदर लावला. तिने लावला नाही.

फ्लॅटमध्ये बोटभर धूळ होती. तिने खिडक्या उघडल्या, बादली भरली आणि गजांपासून सुरुवात केली. मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले आणि बोलून टाकलं. “तुझं तिकीट काढलंय माझ्याबरोबर.”

ती वळली तेव्हा चेहरा खुलला होता. तेवढ्याचसाठी मी इतक्या लांबून आले होते. “खरंच? किती दिवस? पण आई, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रॅक्टिकल आहेत, त्याच्या आत मला परत यायला लागेल.”

“परत नाही. कायमचं.”

फडक्यातून पाणी गळत होतं. तिने ते पिळलं, बादलीच्या कडेवर ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. “का?”

“तू रडत होतीस.”

“आई, ते ऑगस्टमध्ये.”

ती माझ्यावर चिडलेली नव्हती, ते मला जास्त अवघड गेलं. चिडली असती तर मलाही चिडता आलं असतं. समजुतीच्या सुरात म्हणाली, “तेव्हा आली असतीस तर मी त्याच दिवशी निघाले असते. चप्पल न घालता. आता मला इथे आवडतं. मामी आहे, कॉलेज आहे. तिकडे जाऊन मी करू काय? माझा पलंग पण गेला.”

“तुला कोण म्हणालं?”

“तिनेच फोटो पाठवला. पलंगावर झोपून.” आणि ती हसायला लागली.

मग मी चिडलेच. म्हटलं, आम्ही तिकडे जीव टांगणीला लावून बसलोय, तुझे बाबा जेवत नाहीत, आणि तुला हसू येतंय. बाबा व्यवस्थित जेवतात, हे तिलाही माहीत होतं. तिने मला बोलू दिलं. थांबवलं नाही, समजावलं नाही. माझं बोलून संपल्यावर म्हणाली, “झालं? चल, गॅलरी राहिलीय.” मी उठले आणि गॅलरी धुतली. परतताना गाडीत तिने माझा फोन घेऊन स्वतःचं तिकीट स्वतःच रद्द केलं. तिच्या बाबांना मी कळवलं. त्यांचं उत्तर आलं, “बरं.” थोड्या वेळाने आणखी एक आलं, “खूश आहे ना?” मी लिहिलं, हो. ते खरं होतं, आणि मला त्याचा आनंद झाला होता हेही खरं. पण त्या आनंदात माझा काही हात नव्हता.

उरलेले दिवस चांगले गेले. ती कॉलेजला जायची, मी वाडीत हिंडायचे, संध्याकाळी आम्ही दोघी समुद्रावर जायचो. मुलगी आपल्याशिवाय नीट आहे, हे बघत बसण्यासारखं दुसरं बिनकामाचं काम नाही. मी ते मन लावून केलं.

निघायच्या सकाळी भावाने अंगणात गाडी काढली. थोरलीला कॉलेज होतं, ती विमानतळावर येणार नव्हती. वहिनीने मला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. ताट थोरलीने धरलं होतं. तांदूळ, नारळ, खण एकेक करून ती मामीच्या हातात देत होती, काय आधी आणि काय नंतर हे न विचारता. आजवर मी या पाटावरून उठले की ती माझ्या मागे उभी असायची, पाठीला पिशवी लावून, चल ना आई करत. आता ती वहिनीच्या शेजारी होती. मी उंबरा ओलांडून बाहेर आले आणि त्या दोघी आतच थांबल्या. तेव्हा मात्र मला रडू आलं. ती म्हणाली नाही, रडू नको. रिकामं ताट कमरेशी धरून तिने मला विचारलं, “आता परत कधी येशील, आई?”

या घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला दारातून हेच विचारतात. माझ्या आईने मला विचारलं, वहिनी विचारते. मी डोळे पुसले, ओटीची गाठ नीट केली आणि म्हणाले, “बघू गं, कसं जमतं ते.” पाहुणे असंच म्हणतात.