सिद्धूला हललेलं दिसत नाही

सिद्धू आटपाडीकडचा मेंढका. दिवाळी सरली की तो बायकोला, अंबूबाईला घेऊन इस्लामपूरजवळच्या आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला येतो. यंदा आला तेव्हा अंबूबाईच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं.

"ह्यांना दिसतंय सगळं," ती म्हणाली, "पर हललेलं दिसत न्हाई."

मला वाटलं, बाई काहीतरीच बरळते. पण ते खरं होतं. श्रावणात सिद्धूच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. हातपाय वाचले, डोळेही ठणठणीत. शहरातल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की समोरचं काय आहे हे ओळखणं वेगळं आणि ते कुठून कुठं, किती वेगानं चाललंय हे जोखणं वेगळं. मेंदूत त्याची जागाच निराळी, आणि नेमकी तीच गेली. मेंढरू इथं दिसायचं, मग एकदम तिथं. मधलं चालणं गायब.

रानात निभायचं, पण पाण्याला जायचं तर डांबरी रस्ता ओलांडायला लागतो आणि हंगामात त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ. लांब उभा दिसलेला ट्रॅक्टर पुढच्या क्षणी सिद्धूच्या नाकासमोर! म्हणून तो कानावर भिस्त ठेवायचा. ट्रॅक्टरवाल्यांची गाणी जवळ आली की थांबायचं.

"मेंढरं वीक आता," मी म्हणालो.

तो भडकला. "आन काय करू? भिताड तेवढं हलत न्हाई, त्येच बघत बसू व्हय?"

त्या दुपारी अंबूबाई पुढं, मधे मेंढरं, मागं सिद्धू असे ते रस्त्याला लागले. मी बांधावर होतो. एक ट्रॅक्टर गाण्याविनाच आला. अंबूबाई मेंढरं घेऊन झटकन पलीकडे गेली. सिद्धूला मात्र ती रस्त्याच्या मधोमध उभीच दिसत होती. इंजिनाची घरघर वाढत होती आणि बायको जागची हलत नव्हती. काठी टाकून तो तिला ओढायला धावला.

"आवं! आवं, थांबा!" अंबूबाई पलीकडून ओरडली. तो कसला थांबतोय? आमच्याकडे बायकोनं नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायचं.

"सिद्ध्याऽऽ! थांब रं!" ती किंचाळली.

तो चपापून जागीच थबकला. ट्रॉली त्याच्या पटक्याला वारा घालत गेली.

अंबूबाई धावतच परत आली. सिद्धू मटकन खाली बसलेला.

"नाव घेतलंस माजं," तो म्हणाला.

"घेतलं," ती हुंदके देत म्हणाली. "आता रोज घेनार."