पाहू ना, बाई

कापसाचा भाव पडला त्या वर्षांत मी गावी, नेरला गेले की बस स्टँडवरच कोणीतरी गाठायचं. "काहो बाई, बाहेरचा कापूस तुमीच आनला म्हन्ते?" मी दिल्लीत सरकारी नोकरीत, काम करारांचं, एवढंच गावाला ठाऊक. आणि करार म्हणजे करार. सुरुवातीला मी समजावून सांगत असे. माझे करार व्यापाराचे नाहीत, सुरक्षेचे आहेत. दुसऱ्या देशाच्या लढाऊ जहाजानं आपल्या बंदरात कधी थांबावं, आपल्यानं त्यांच्या बंदरात कधी, एकमेकांची गुपितं कोणी कशी सांभाळावी, असल्या वाटाघाटी मी करते. कापसाचं बोंडसुद्धा त्या टेबलावर येत नाही. "म्हंजे कापूस सोडून समदं सांभाळता," एकजण म्हणाला. तेव्हापासून मी समजावणं सोडलं आणि फाडकन उत्तर द्यायला लागले. हो, मीच आणला, पोती भरभरून आणला, काय करायचं ते करा.

माझा स्वभाव मुळातच तिखट, नोकरीनं त्याला धार लावली. लोकांना वाटतं, परदेशी माणसं टेबलावर मुठी आपटत असतील. मुठी आपटणारा परवडतो, त्याच्या मनात काय आहे ते तरी कळतं. आमच्या समोर बरीच वर्षं एक पिकल्या केसांचा गृहस्थ बसायचा, एका बड्या देशाचा. गोड हसायचा, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचा, आणि आम्ही काहीही मागितलं की म्हणायचा, यावर आम्ही जरूर विचार करू. अख्खा हिवाळा त्यानं विचार करण्यात घालवला. मला त्या माणसाचा मनापासून राग होता आणि अजून आहे. असले शब्द मसुद्यातून शोधून हाकलून देणं हेच माझं काम. कचेरीत मला पाठीमागे फौजदारीण म्हणत. ते मला ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

माझा मोठा भाऊ, दादा, नेरला कृषी केंद्र चालवायचा. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. बोंडअळी पडली की लोक त्याच्या दुकानासमोर येऊन उभे राहत. बियाणं कंपनीचं, शिव्या दादाला. दादा आधीच भित्रा, त्यात हे. आपलं नाव खराब होतंय, ते पुरतं बुडायच्या आत पोरीचं लग्न उरकावं, असं त्यानं मनात घेतलं. त्या दिवसांत शेतीवाल्या घरात कोणी मुलगी द्यायला तयार नव्हतं, आणि नोकरीवाल्या पोरांचा भाव मात्र कापसाच्या उलटा चढत होता. अशात कळंबचं एक स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, वडील निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मुलगी पाहिली, पसंत पडली, आणि आता फक्त बैठक उरली होती. दादाचा फोन आला, "तू ये वं. देशादेशांचं जमवते, माह्या पोरीचं जमव." माझ्या कामाबद्दल तो जन्मात पहिल्यांदा काहीतरी चांगलं बोलला, आणि मी मूर्खासारखी खूश झाले.

भाची यवतमाळला नर्सिंग शिकत होती. रोज नेरहून सकाळच्या एसटीनं जायची, स्टँडपर्यंत पायी. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. मी जवळ गेल्यावर मान वर न करता म्हणाली, "आत्या, बाकी काही नोको मांगू. माही नर्सिंग पुरी होऊ दे म्हना, येवढंच." मुलगा कसा वाटला, विचारलं. "बरा हाय," ती म्हणाली. "पन बापासमोर बोलत नाही."

सकाळी पाहुणे आले. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे झाले. समोरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीला वहिनीनं ताजा हार घातला होता आणि त्याखालीच हेडमास्तर बसले होते. त्यांना मी आधी ऐकलं होतं. तालुक्यात जयंतीला शिक्षणावर भाषण करायचं म्हटलं की त्यांनाच बोलावत. खरोखर चांगलं बोलत. लेकीबाळींना शिकवा हे ते सांगू लागले की म्हाताऱ्या बाया डोळ्यांना पदर लावत. म्हणून मला वाटलं होतं, आपलं काम सोपं आहे.

"आमची काही मागणी नाही," हेडमास्तर म्हणाले. दारामागे वहिनीचा रोखलेला श्वास सुटला.

"आमची आहे," मी म्हणाले.

आमच्याकडे मुलीच्या बाजूनं मागणी नसते, हात जोडलेले असतात. दादानं मला डोळे दाखवले. मी पाहिलंच नाही. लग्नानंतर मुलीचं नर्सिंग पूर्ण झालं पाहिजे, एवढंच मी बोलले. हेडमास्तर हसले. शपथेवर सांगते, तेच हसू, त्या पिकल्या केसांच्या गृहस्थाचं.

"पाहू ना, बाई," ते म्हणाले.

"झालं!" दादा म्हणाला. "पाहू म्हनले ना सर."

वऱ्हाडात 'पाहू'चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. शाळेच्या सहलीला जाऊ का, विचारलं की बाप म्हणतो पाहू. कचेरीत अर्ज नेला की साहेब म्हणतो पाहू. नकार देणाऱ्याला वाईटपणा नको म्हणून हा शब्द. वरून मागणाऱ्यानंच उपकार मानून उठायचं. मी उठले नाही.

"पाहू म्हणजे होय की नाही?"

"पाहू म्हणजे पाहू. आताच काय त्याचं?"

"आता नाही तर कधी, सर? बैल गेल्यावर झोपा करायचा का?"

ते जरा अवघडले. मग घसा साफ करून म्हणाले, "हे पाहा, आम्ही तिला अडवणार नाही. बस?"

"घ्या!" म्हणत दादानं पेढ्यांचं ताट पुढं केलं. मी ते हातानं मागं सारलं. अडवणार नाही, हे शब्द मला चांगले ओळखीचे होते. त्या गृहस्थानं हिवाळ्याअखेर आम्हाला नेमकं हेच दिलं होतं. कुठलं बंदर ते सांगता यायचं नाही, पण आपलं जहाज तिथं गेलं तेव्हा कोणी अडवलं नाही हे खरं. धक्क्यावर त्याचा दोर धरायलाही कोणी आलं नाही.

"अडवणार नाही, मान्य," मी म्हणाले. "सकाळच्या बसला तिला कोण सोडेल? परीक्षा असली तर स्वयंपाक कोण करेल? रात्रपाळी लागली तर घरात काय बोलाल?"

मुलगा पायाच्या अंगठ्यानं सतरंजीची दशी ओढत होता. हेडमास्तरांचा आवाज चढला. "बाई, ही दिल्ली नाही. इथं घरं जुळवतात, तहनामे करत नाहीत."

"जयंतीला माईकवर तुम्ही कधी 'पाहू' म्हणाला नाहीत."

बोलायला नको होतं असं अनेकांनी मला नंतर सांगितलं. मला तेव्हाही तसं वाटलं नाही, आताही वाटत नाही. हेडमास्तर लाल झाले. पण त्यांच्याआधी दादाच उठला. पाहुण्यांसमोर, सगळ्यांसमोर तो माझ्यावर ओरडला, "चूप बैस! सोताचं तं जमवलं नाही, माह्या पोरीचं मोडाले आली!"

परक्यांना द्यायला माझ्याकडे उत्तरं भरपूर असतात. आयुष्यभर या माणसाला मी दादा म्हणत आले होते.

हेडमास्तरांना आता मोठेपणा घेता आला. त्यांनी हात वर करून दादाला बसवलं. भाची चहाचा ट्रे घेऊन आली होती. तिच्याकडे पाहून ते मऊ आवाजात म्हणाले, "आपण मोठी माणसं उगाच भांडून राह्यलो. पोरीलेच विचारू ना. काय बेटा, आमचा मुलगा पसंत आहे ना तुला?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. मुलगी मान खाली घालते, त्यालाच होकार समजतात आणि पेढे फिरतात. दादाचा हात ताटाकडे गेलासुद्धा. भाचीनं ट्रे टीपॉयवर ठेवला, पाहुण्यांच्या बाजूला कपांचे कान वळवले, आणि हेडमास्तरांकडे सरळ पाहत म्हणाली,

"पाहू."

कोणी हसलं नाही. अर्थ सांगायची गरज नव्हती, हेडमास्तरांना तर नव्हतीच. त्यांनी चहा घेतला नाही. दारात चपला शोधताना मुलगा एकदा मागं वळला, पण बोलला काहीच नाही, आणि त्यांची गाडी गेली.

वहिनी रडत होती. रडता रडता तिनं पेढे फ्रिजमध्ये ठेवले. दादा दुकान उघडायला गेला, त्याला घरापेक्षा शिव्या बऱ्या वाटल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी मला दिल्लीला निघायचं होतं. सकाळी बॅग घेऊन अंगणात आले तर भाची पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये चपला घालत होती. दादा मोटारसायकल सुरू करून उभा होता. चेहरा तसाच, दगडासारखा. आमच्या दोघींपैकी कोणाकडेही न पाहता तो म्हणाला, "बैस मांगं. बस चुकंन."

ती बसली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दोघं निघून गेले. मी माझी बॅग उचलून पायी स्टँडवर गेले. माझ्याशी दादा आजही तुटकच बोलतो. पण वहिनी सांगते, नर्सिंग पुरी होईपर्यंत त्यानं पोरीला एक दिवस पायी जाऊ दिलं नाही.