आखूड पट्टा

मी मोटारीच्या गिअरला शिलाई मशीनचा पट्टा लावला. एवढाच मूर्खपणा. पण हे मी आजवर कुणालाही — बायकोला नाही, देवळातल्या विठ्ठलालासुद्धा नाही — सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, तेही मराठीत लिहून. मराठीतच का, ते पुढे येईल. त्यातही माझी लबाडीच आहे.

मी शिंपी. म्हैसुरात आमच्या चार पिढ्या सुईदोऱ्यावर गेल्या. नामूकडे पँट टाका, चड्डी होऊन परत येते, अशी गल्लीत माझी ख्याती. ती पसरवली मीच म्हणा ना — स्वतःची फजिती सांगून लोकांना हसवायला मला आवडतं. गिऱ्हाईक बदललं की तीच फजिती थोडी सैल करून पुन्हा सांगायची. एकच कधी सांगितली नाही.

अक्काचे यजमान, आमचे दाजी, टुरिस्ट गाडी चालवायचे. गाडी मालकाची, जुनी, काळी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बगलेत. वीस वर्षांत दाजींनी तिला ओरखडा पडू दिला नव्हता. चामुंडी बेट्टाचा घाट उतरताना बाकीचे ड्रायव्हर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देत. दाजी नाही. "उताराला इंजिन धरून ठेवतं रे गाडीला," म्हणायचे. "न्यूट्रलमध्ये सोडतो तो ड्रायव्हर नव्हे, वरून दगड ढकलणारा." या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता. माणसाला एखादी तरी गोष्ट असावी, नाही का?

त्या उन्हाळ्यात दांडा ढिला झाला. हातात धरला की रिकाम्या डब्यातल्या चमच्यासारखा लटपटायचा. आतला बुश झिजलाय, उद्या मेटगळ्ळीला गॅरेजमध्ये नेतो, असं म्हणत दाजी आमच्याकडे जेवले आणि दुकानातल्या फळीवर आडवे झाले. आणि मी बॉनेट उघडलं.

का उघडलं? कुणी सांगितलं होतं? मशीन म्हणजे मशीन, एवढंच माझं शास्त्र. दांड्याकडून गिअरबॉक्सकडे जाणारी सळई सापडली, तिचा सांधा सापडला. सांध्यातलं अस्तर म्हणजे तो बुश, खरंच झिजलेला. तो काढताना सांध्याची बारीक पिन तुटली — तिथं तरी थांबावं ना? मी आत गेलो, मशीनच्या चामडी पट्ट्याचा चार बोटं तुकडा कापला, सांध्यात ठासला आणि मेण लावलेल्या काजाच्या दोऱ्यानं गच्च बांधला. वर शिंप्याची गाठ. दांडा हलवून पाहिला. हूं नाही की चूं नाही.

झोपून उठल्यावर दाजींनी दांडा धरला आणि बघतच राहिले. "अय्यो, मघाशी लटपटत होता, आता गपगार? मग मेटगळ्ळी राहू दे."

 मनात हसत होतो. बेत असा — दोन दिवस त्यांना नवल करू द्यायचं, मग जेवताना अक्कासमोर म्हणायचं, दाजी, तुमची गाडी शिंप्यानं शिवलीय! वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं.

ते अजून माझ्याकडेच आहे.

दुसऱ्या दिवशी बेट्ट उतरताना दाजींनी तिसऱ्यातून दुसरा टाकायला दांडा ओढला. इंजिनाच्या धगीनं मेण वितळलं असणार. सळई सुटली. गाडी ना तिसऱ्यात, ना दुसऱ्यात. ब्रेक तापलेले. वळणावर काकड्या विकणारी निंगम्मा बसली होती. ती वाचली. तिचा डावा पाय गेला.

मी शेजाऱ्याच्या स्कूटरवरून पोचलो तेव्हा दाजी पोलिसांसमोर उभे होते. कपाळावर रक्त, आणि तोंडात एकच — "गिअरमध्ये होती. चामुंडीची शपथ, गिअरमध्ये होती." ऐकतो कोण? "न्यूट्रल हाकिदाने," यानं न्यूट्रलमध्ये टाकली, असं जो तो म्हणत होता. बॉनेट उघडं पडलेलं. मी वाकलो. घरचा माणूस आहे, काय तुटलं ते बघतोय, असं लोकांना वाटलं असेल. मी तो तुकडा दोऱ्यासकट ओढून काढला आणि खिशात घातला.  

गॅरेजवाल्यानं निकाल दिला — सळई धडकेनं सुटली, गाडी न्यूट्रलमध्ये होती. दाजींचं लायसन गेलं, मालक ओळख विसरला. मग मीच त्यांना दुकानात बोलावलं, काजं करायला. मेहुणा असावा तर असा, असं लोक म्हणाले. मी तेही ऐकून घेतलं.

पहिलं वर्षभर ते म्हणत, "गिअरमध्ये होती." पुढे म्हणू लागले, "होती असं वाटतं." आणि एका दुपारी, सुईत दोरा ओवता ओवता — "मीच टाकली असेन न्यूट्रलमध्ये. हाताचा काय भरवसा, नामू?"

तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं. आलं होतं हो! मी चहा मागवला.

निंगम्माचा पाय एका दिवसात गेला. दाजींचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मात्र मी रोज समोर बसून थोडा थोडा उसवला. ते अजून दर मंगळवारी तिच्या दारात जाऊन बसतात. ती तोंड फिरवते. तरी जातात. मी एकदाही गेलो नाही.

आता मराठीचं. दाजी घरात मराठी बोलतात, पण चार इयत्ता शिकले त्या कानडीत. ही बाळबोध अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. मला येतात ती देवळातल्या भजनाच्या वहीमुळे. हा कागद मी त्यांच्या समोर बसूनच लिहितोय. मघाशी त्यांनी विचारलं, "काय लिहितोस एवढं?"

"अभंग," म्हणालो.

मशीन अजून तेच. पट्टाही तोच — चार बोटं आखूड, तारेनं ओढून जोडलेला. आज सकाळी तो पुन्हा सुटला. दाजींनी चष्मा वर केला, माझा जोड बोटानं चाचपला, तार उलगडून नव्यानं पिळायला घेतली आणि मान खाली ठेवूनच म्हणाले,

"एक बरं झालं नामू, माझ्या गाडीला तू कधी हात लावला नाहीस. तुझ्या हातचं काही टिकत नाही बघ."