चांगलं कोलेस्टेरॉल कमी म्हणून सांगलीला

दहिवडीहून सांगलीला जायचं तर सकाळची साताऱ्याची एसटी धरा, उजवीकडची खिडकी पकडा म्हणजे ऊन लागत नाही, आणि सोबत मामाला नेऊ नका. शेवटचं आम्हाला जमलं नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझा धाकटा भाऊ संतोष लांब पल्ल्याचं पळायचा. त्याला शिकवायचा मामा. जिल्ह्याच्या संघात त्याची निवड झाली, पण रक्ततपासणीत चांगलं कोलेस्टेरॉल फारच कमी निघालं. सातारच्या डॉक्टरांनी बजावलं, "सांगलीच्या हृदयाच्या डॉक्टरांचा होकार आणा, मगच पळा." आमचे वडील चाळिशीतच छाती धरून बसले, ते उठले नाहीत. त्यामुळे आईनं मलाही पाठवलं. घरात पदवीधर मी एकटीच. पदवी इतिहासाची होती, पण आईला तो तपशील किरकोळ वाटला.

साताऱ्यात रिपोर्ट घेतला आणि मामानं कंदी पेढे घेतले.

"मामा, हे कशाला?"

"चांगलंच कमी हाय न्हवं? मग चांगलं घालायचं पोटात. पेढा काय वाईट आसतुय व्हय?"

मुक्काम मलकापूरला मावशीकडे. कऱ्हाड स्टँडवरून चालत जाता येतं, लॉज शोधू नका. मावशीनं पोळीवर तूप ओतलं. हे कोलेस्टेरॉल तुपातून भरून निघत नाही, हे मी तिला नीट समजावलं. तिनं सगळं मन लावून ऐकलं आणि आणखी एक पळी ओतली. "वाईट वाढलं आसतं तर उपास धरला आसता बाई. चांगलं कमी झाल्यावर खाऊच घालायचं."

दुसऱ्या दिवशी पेठ नाका, इस्लामपूर, दोन्ही बाजूंना ऊस. आमच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या माणसाला एवढं हिरवं बघून उगीच अपराधी वाटतं. संतोष मात्र खिडकीबाहेर बघतच नव्हता.

सांगलीच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला. मग विचारलं, "तंबाखू? विडी? काही औषध?"

"औषध कसलं, सायेब?" मामा छाती फुगवून म्हणाला. "फकस्त ताकदीच्या गोळ्या. तालमीतली पोरं खात्यात त्याच. मी सोता देतो." आणि पिशवीतून बाटली काढली.

डॉक्टरांनी लेबल वाचलं. "ही स्टेरॉइड्स आहेत. आजपासून बंद. चांगलं कोलेस्टेरॉल याच गोळ्या खाली ओढतात. हृदय सध्या ठीक दिसतंय, पण वडिलांचं असं झालेलं. तीन महिने शर्यत नाही. मग पुन्हा रक्त तपासू."

मामानं खालच्या आवाजात विचारलं, "मंजी पेढं चालतील?"

परतीच्या एसटीत संतोष एवढंच बोलला, "आक्का, यंदाचा संघ गेला." भडंगाचा पुडा कुणी उघडला नाही. सांगलीला गेलात तर भडंग घ्या, पण चांगल्या दिवशी खा.

घरी आलो. पेढे संपले, तूप पचलं. मामानं मात्र पारावर सांगितलं, की आपल्या गोळ्या बघून सांगलीचा डॉक्टरसुद्धा गप झाला. दुसऱ्या दिवशी तालमीतली दोन पोरं दारात. बाटली कुठंय म्हणून. ती आईनं केव्हाच उकिरड्यात पुरली होती.

संतोष उंबऱ्यात बसून पळायचे बूट कागदात गुंडाळत होता. मान वर न करता त्या पोरांना म्हणाला, "लय ताकद हाय गड्यांनो त्यात. माझा संघ एका फटक्यात पाडला."