फूलवतीबाईंची गाय

कुसुम गेली त्याला दोन महिने झाले, तेव्हा नीळकंठ बोरकरला गायींच्या मागे चालायचं काम मिळालं.

तो पशुसंवर्धन खात्यात सहायक होता. वडील सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याची बायको कुसुम तिथल्या एका मोठ्या कारखान्याच्या दवाखान्यात परिचारिका होती. मेंदूत रक्तस्राव होऊन एका दुपारी ती ड्यूटीवरच कोसळली. तेराव्यानंतर मुलगी पुण्याला परतली आणि नीळकंठ इंद्रपुरीच्या घरात एकटा राहिला. तो वेळेवर जेवायचा, वेळेवर झोपायचा. रडायला मात्र आलंच नाही. लोक म्हणत, धीराचा माणूस आहे.

कारखान्याच्या वसाहतीला दूध घालणारे गोठे अवधपुरीच्या बाजूला होते. तिथल्या गायी दिवसभर ओल्या सिमेंटवर उभ्या असत. खुरांच्या बेचक्यात जखमा होत, त्या सडत, आणि एकीची लागण दुसरीला होई. ते कमी कसं करावं याचा अभ्यास डॉ. अलका मुळे करत होत्या. बारा गोठ्यांत खुरं नीट कापायची आणि दूध काढून झालं की गायींना मोरचुदाच्या निळ्या, जंतुनाशक पाण्याच्या उथळ हौदातून चालवायचं. दुसऱ्या बारांत रोजच्यासारखंच चालू द्यायचं. नीळकंठने दर मंगळवारी प्रत्येक गाईची चाल बघून एक ते पाच आकडा द्यायचा. एक म्हणजे ठणठणीत, पाच म्हणजे पाय टेकवतच नाही.

त्याचे आकडे बिनचूक असत. बाईंनी दोनदा स्वतः पडताळून पाहिले आणि त्याचं कौतुक केलं.

फूलवतीबाईंचा गोठा दुसऱ्या बारांतला. सहा गायी, सगळं काम बाई एकट्या करत. त्यांची एक तांबडी गाय जुलैमध्ये तीनवर गेली, ऑगस्टच्या सुरुवातीला चारवर. नीळकंठ चार लिहून निघाला तेव्हा बाई शेण भरता भरता थांबल्या.

"भैया, कुछ करोगे भी, या सिर्फ लिखोगे?"

 पुढच्या मंगळवारीही त्याने चारच लिहिलं. त्याच्या पुढच्या मंगळवारी गाय बसलेली होती, उठेना. पाच लिहून तो पुढच्या गोठ्यात गेला.

महिनाअखेरीस अलकाबाईंनी कागद चाळले आणि त्याला बोलावून घेतलं. नियम साधा होता: गोठा कुठल्याही गटातला असो, आकडा चारवर गेला की त्याच दिवशी कळवायचं, म्हणजे उपचार सुरू होतात. कागदाच्या तळाशी त्यासाठी वेगळी ओळ होती. नीळकंठने ती कोरी सोडली होती.

"तुम्हाला दिसलं नाही असं तर होणार नाही," बाई म्हणाल्या.

"दिसत होतं," तो म्हणाला. "पण काही वाटत नव्हतं."

 अलकाबाई औषधांची पेटी त्याच्या हातात देऊन स्वतः त्याच्याबरोबर निघाल्या. फूलवतीबाईंच्या गोठ्यात त्यांनी तांबडीचं खूर कापलं, आतला पू काढला. परतताना अलकाबाईंनी त्याला सांगितलं की झालं ते अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला कळवावं लागेल. त्याने स्वतःच्या हाताने कबुली लिहून दिली. नोंदीचं काम काढून घेऊन त्याला प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला बसवलं.

जखम धुवायला रोज सकाळी मी जाईन, एवढं मात्र त्याने मागून घेतलं. फूलवतीबाई पाणी तापवून द्यायच्या, पण बोलायच्या नाहीत. माफी मागायचं त्याच्या मनात रोज यायचं, पण जखम धुऊन तो तसाच निघायचा. नवव्या दिवशी गाय उठली. जगली ती, पण लंगडी ती लंगडीच राहिली आणि दूधही निम्म्यावर आलं.

पुढच्या उन्हाळ्यात अभ्यास संपला. मोरचुदाच्या गोठ्यांत लंगड्या गायी दुसऱ्या बारांच्या मानाने निम्म्याहून कमी निघाल्या. उरलेल्या बारा गोठ्यांतही तसे हौद बांधायचं ठरलं. पहिला कुठे, असं अलकाबाईंनी विचारलं आणि नीळकंठने फूलवतीबाईंचं नाव घेतलं.

हौद भरला त्या सकाळी पाच गायी निळ्या पाण्यातून सरळ चालत गेल्या. तांबडी काठावर अडली. नीळकंठ पाण्यात उतरला आणि तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. बऱ्याच वेळाने तिने एक पाय टाकला, मग दुसरा.

फूलवतीबाईंनी चहाचा पेला त्याच्यापुढे ठेवला आणि कामाला लागल्या. त्याला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही. पण चहा फार गोड झालाय, हे त्याच्या लक्षात आलं.